अडीच मीटरांच्या वर्तुळातली वीस वर्षे

पावसाळा सरत आलेला असतो, कपाशीला बोंडे धरलेली असतात, आणि यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत अजून इतकी ओल शिल्लक असते की वरून आलेली थाळी घसरत पुढे न जाता जागच्या जागी चिखलात कड रोवून उभी राहते. अशा दिवसांत आमच्याकडच्या तालुकास्तरीय शालेय मैदानी स्पर्धा भरतात. या स्पर्धांत पंच म्हणून मी बरीच वर्षे काढली, आणि थाळीफेकीशी माझी जी काही ओळख आहे ती फक्कीने आखलेल्या, दोन फेकींत पुसट होणाऱ्या आणि तिसऱ्या फेकीला पुन्हा आखाव्या लागणाऱ्या वर्तुळापासून सुरू झाली. थाळी प्रथम जेथे टेकली तेथे खिळा रोवायचा, फितीचे शून्याचे टोक त्या खिळ्याशी धरायचे, फीत वर्तुळाच्या मध्यावरून ओढून घ्यायची आणि आतल्या कडेशी जो आकडा येईल तो मोठ्याने पुकारायचा, एवढे आमचे काम. पुकारलेला आकडा कागदावर चढतो, कागद दप्तरी जमा होतो, आणि ज्याच्या हातून थाळी सुटली तो मुलगा एस.टी.ने आपल्या गावी परत जातो.

अशाच एका वर्षी घाटंजीकडून आलेल्या एका मुलाने अनवाणी पायांनी, एकही गिरकी न घेता, जागच्या जागी उभे राहून थाळी फेकली आणि गिरकी घेणाऱ्या सर्वांना मागे टाकले. थाळी लाकडी होती. तिच्या लोखंडी कडेचा एक स्क्रू निघालेला होता, आणि प्रत्येक फेकीनंतर तो मुलगा ती कड अंगठ्याने दाबून पुन्हा नीट बसवीत होता. स्पर्धा आटोपल्यावर त्याने आपल्या शिक्षकांना एकच गोष्ट विचारली: "सर, ही थाळी घरी नेऊ का?" थाळीची नोंद शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत होती, ती हरवली तर भरपाई कोणी करावयाची हा प्रश्न होता, सरांनी क्षणभर विचार केला आणि थाळी पोत्यात घातली. पुढल्या वर्षी तो मुलगा आला नाही. घरची माणसे कामासाठी जिल्ह्याबाहेर गेल्याचे त्याच्या सोबत्याने सांगितले.

त्या मुलाचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, आणि थाळीफेकीच्या इतिहासाकडे मी जेव्हा जेव्हा वळतो तेव्हा त्या प्रश्नाच्या अनुरोधानेच वळतो. उच्च दर्जाच्या थाळीफेकपटूची कारकीर्द कशाची बनते? शरीरसंपदेची बनते हे उत्तर सर्वांच्या ओठांवर असते, आणि ते असत्यही नाही. परंतु भारतातील व जगातील प्रमुख कारकिर्दी एकामागून एक तपासल्या असता मला असे दिसून आले आहे की या खेळात शरीरापेक्षा काळ अधिक लागतो. तेच वर्तुळ, तीच थाळी, तेच पाहणारे डोळे आणि घरातली निश्चित भाकर ही चार साधने ज्याला पंधरा-वीस वर्षे अखंड लाभली तो मोठा झाला. ज्याच्या बाबतीत यांतील एखादे मध्येच सुटले त्याचे नाव तालुक्याच्या निकालपत्रकात राहिले.

असे का व्हावे, हे थाळीच्या गतीतच आहे. पुरुषांची थाळी २ किलो वजनाची आणि सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाची, स्त्रियांची १ किलोची व सुमारे १८ सेंटिमीटरची. वर्तुळाचा व्यास अडीच मीटर, आणि थाळी पडावयाचे क्षेत्र अवघ्या ३४.९२ अंशांचे. एवढ्या जागेत खेळाडू फेकीच्या दिशेकडे पाठ करून उभा राहतो, दीड गिरकी घेतो, आणि पाय, कंबर, धड, खांदा अशा क्रमाने चढत गेलेली शक्ती सर्वांत शेवटी हातापर्यंत पोहोचू देतो. नवशिक्याचा हात आधी धावतो आणि कंबर मागे राहते. जाणत्याचा हात इतका मागे राहतो की आता फेक फसली असे पाहणाऱ्यास वाटावे, आणि त्याच क्षणी थाळी तर्जनीवरून निसटून स्वतःभोवती फिरत वर चढते. तिच्या फिरण्यानेच ती हवेत स्थिर राहते. समोरून येणारा मध्यम वारा, जो धावपटूचा शत्रू, तो थाळीचा मित्र होतो, कारण पसरट थाळीला तो खालून उचलून धरतो. मात्र थाळी सोडताना तिचा कोन जरासा उंचावला तर तोच वारा तिला उलटी पाडतो. धावण्याच्या शर्यतीत मुलाचा वेग एका सकाळी दिसून येतो. थाळीफेकीत हाताला थांबावयास शिकवण्यातच पाच-सहा वर्षे जातात, आणि शिकलेले विसरण्यास शेतीच्या कामाचा एक हंगाम पुरतो.

जगाचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. १८९६ साली अथेन्स येथे पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये थाळीफेक जिंकणारा अमेरिकेचा रॉबर्ट गॅरेट हा प्रिन्स्टनचा विद्यार्थी. त्याने मायदेशी वर्णनावरून घडवून घेतलेली थाळी इतकी जड झाली की त्याने सराव सोडून दिला, आणि अथेन्सला खरी थाळी हाती घेतल्यावर ती किती हलकी आहे हे त्याला कळले, अशी हकीकत सांगितली जाते. त्याची विजयी फेक २९.१५ मीटरांची होती. आज आमच्या जिल्ह्यातला एखादा दांडगा मुलगा कमी वजनाच्या थाळीने तेवढे अंतर गाठतो. तो आरंभकाळ होता. पुढे कारकीर्द हा शब्द ज्याला शोभावा असा पुरुष म्हणजे अल ओर्टर: १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो, १९६८ मेक्सिको, या चारही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक त्याचेच. टोकियोत बरगडीजवळील कूर्चा फाटलेली असताना, मानेला आधार बांधून तो वर्तुळात उतरला होता. त्याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट अशी की त्याची आयुष्यातील सर्वांत लांब फेक, ६९.४६ मीटर, त्याने १९८० साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी केली. रुमानियाच्या लिया मानोलियू यांनी १९५२ पासून १९७२ पर्यंत सहा ऑलिंपिकमध्ये भाग घेतला, आणि सुवर्ण मिळाले ते पाचव्या वेळी, १९६८ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. सोळा वर्षे सुवर्ण हाती न येताही त्या वर्तुळात टिकून राहिल्या, ही गोष्ट मला त्या पदकापेक्षाही थोर वाटते.

पूर्व जर्मनीच्या युर्गेन शुल्टने १९८६ साली केलेला ७४.०८ मीटरांचा विश्वविक्रम जवळपास अडतीस वर्षे अबाधित राहिला, आणि तो मोडला लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने, एप्रिल २०२४ मध्ये, अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या रमोना या वारा खेळणाऱ्या माळावर. पुढील वर्षी त्याच ठिकाणी त्याने ७५.५६ मीटरांची मजल गाठली. मिकोलासचे वय पहिल्या विक्रमाच्या वेळी एकवीस होते, आणि माझ्या विधानाला हा अपवाद आहे असे कोणी म्हणेल. पण त्याचे वडील विर्गिलियस अलेक्ना हे २००० आणि २००४ या दोन ऑलिंपिकचे विजेते. ज्या घरात जन्मापासून थाळी होती त्या घरातल्या मुलाची साधना एकविसाव्या वर्षी सुरू झाली असे म्हणता येत नाही. थाळी घरी नेण्याची परवानगी त्याला कोणाकडे मागावी लागली नाही.

आता आपल्या मुलखाकडे यावे. वऱ्हाडात शरीरसाधनेची परंपरा नव्हती असे म्हणण्यास मुळीच जागा नाही. यवतमाळहून नेरवरून अमरावतीस जाणाऱ्या ज्या कोणी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे आवार पाहिले आहे त्यास हे सांगावयास नको. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या या संस्थेचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. कबड्डी, मल्लखांब, लेझीम यांना जी प्रतिष्ठा आमच्या भागात लाभली तिचे श्रेय फार मोठ्या अंशाने या मंडळास आहे, आणि विदर्भातील कितीतरी शाळांचे व्यायामशिक्षक त्याच्याच छायेत शिकून बाहेर पडले. परंतु त्या काळच्या व्यायामचळवळीचे ध्येय समूहाचे होते. शंभर तरुणांनी एका तालावर कवायत करावी, गुलाम राष्ट्राच्या मनातली दुर्बलता जावी, हा तिचा हेतू. एकाच तरुणाने एकाच वर्तुळात वीस वर्षे एकाच हालचालीचा ध्यास घ्यावा, हा विचार त्या ध्येयात बसणारा नव्हता, आणि त्याबद्दल त्या पिढीस दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. एवढेच म्हणेन की आखाड्याची माती आम्हाला वारशाने मिळाली, सिमेंटचे वर्तुळ मिळाले नाही.

ते मिळाले पंजाबला. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत मखन सिंग, १९५४ साली मनिला येथे गोळा आणि थाळी या दोन्हींत परदुमन सिंग, १९५८ साली टोकियोत बलकार सिंग, आणि १९६६ व १९७० साली बँकॉक येथे लागोपाठ दोन वेळा प्रवीणकुमार सोबती, असे थाळीफेकीचे आशियाई सुवर्ण भारताकडे येत राहिले. प्रवीणकुमार हे सीमा सुरक्षा दलात नोकरीस होते. १९६८ आणि १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये ते खेळले. आणि दूरदर्शनवरील 'महाभारत' मालिकेतला भीम म्हणून सबंध देश त्यांना ओळखू लागला तेव्हा त्यांना थाळी खाली ठेवून कितीतरी वर्षे झाली होती. आमच्या जिल्ह्यात ज्या घरांनी तो भीम रविवारी सकाळी डोळे भरून पाहिला त्यांपैकी किती घरांना तो आशियाचा थाळीफेक विजेता होता हे ठाऊक असेल? या साऱ्या नावांच्या मागे सैन्य, निमलष्करी दले, पोलीस आणि रेल्वे यांच्या नोकऱ्या उभ्या होत्या. फेकीच्या खेळांना आहार लागतो, आणि आहारास पगार लागतो. शिवाय १९६१ साली पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली, आणि शिकवणारे व शिकणारे एकाच टापूत राहू लागले.

स्त्रियांचा अध्याय याहूनही मोलाचा आहे, कारण तो अधिक अडचणींतून लिहिला गेला. २००२ साली बुसान येथे नीलम जसवंत सिंग यांनी ६४.५५ मीटर थाळी फेकून आशियाई सुवर्ण मिळवले. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनिया, हरवंत कौर आणि सीमा अंतिल यांनी तिन्ही पदके भारताकडे आणली. १९५८ साली कार्डिफ येथे मिल्खा सिंगांनी मिळवलेल्या सुवर्णानंतर राष्ट्रकुलातील मैदानी खेळांचे सुवर्ण भारतास दिसले ते त्या सायंकाळी, आणि ते एका मुलाच्या आईने, ६१.५१ मीटरांच्या फेकीने आणले. कृष्णा पुनियांचे बालपण आईविना, हरियाणातल्या एका खेड्यात, गुराढोरांच्या कामात गेले. लग्नानंतर राजस्थानात पती वीरेंद्र हेच त्यांचे प्रशिक्षक झाले, आणि रेल्वेची नोकरी पाठीशी राहिली. सीमा अंतिल, पुढे सीमा पुनिया, यांनाही पतीच प्रशिक्षक लाभले. २००२ साली कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवणाऱ्या सीमा यांनी २००६ पासून २०१८ पर्यंत चार राष्ट्रकुल स्पर्धांत चार पदके घेतली, २०१४ साली इंचॉन येथे आशियाई सुवर्ण घेतले, आणि २०२३ च्या शरदात हांगझोऊ येथे चाळिशीत असताना कांस्य घेतले. घरातच प्रशिक्षक असल्यामुळे या स्त्रियांची साधना तुटली नाही, हे मला त्यांच्या यशाचे मुख्य कारण दिसते. पण ज्या देशात स्त्री खेळात टिकावी म्हणून पतीलाच गुरू व्हावे लागते त्या देशाच्या व्यवस्थेत फार मोठी उणीव आहे, हेही त्याच कारणातून निघते.

या इतिहासाची काळी बाजू सांगितल्याशिवाय आढावा प्रामाणिक होणार नाही. सीमा यांचे २००० सालचे कनिष्ठ जागतिक सुवर्ण निषिद्ध द्रव्य आढळल्यामुळे परत घेण्यात आले होते. नीलम यांच्यावर २००५ साली हेल्सिंकीच्या जागतिक स्पर्धेत तोच प्रसंग ओढवला. पंजाबच्या शेतकरी कुटुंबातली कमलप्रीत कौर टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत नेमकी ६४.०० मीटर फेक करून थेट अंतिम फेरीत गेली आणि ६३.७० मीटरांनी सहावी आली, तेव्हा सबंध देश आनंदला. आणि पुढल्याच वर्षी स्टॅनोझोलॉल या द्रव्याच्या चाचणीत ती सापडली व तिला तीन वर्षांची बंदी झाली. नियम मोडला की शिक्षा व्हावी, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण ज्या खेळात पंधरा वर्षे लागतात तेथे चार वर्षांत पदक मागणारे आणि ते मिळेपर्यंत खेळाडूकडे ढुंकून न पाहणारे जे वातावरण आपण निर्माण केले आहे, त्यात सुई घेऊन येणाऱ्यास दार उघडे सापडते. शरीराची ही हानी खेड्यातून आलेल्या मुलींच्या वाट्यास येते तेव्हा मन फार विषण्ण होते.

विकास गौडा यांच्या कारकिर्दीवर मात्र मी थोडे थांबू इच्छितो. एक तर ती सर्वांत पूर्ण आहे, आणि दुसरे, तिच्यातला एक मानाचा दिवस महाराष्ट्राच्या भूमीवर उगवला. १९८३ साली म्हैसूर येथे जन्मलेले विकास लहानपणीच अमेरिकेस गेले. वडील शिवे गौडा हे स्वतः मैदानी खेळांचे प्रशिक्षक. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळताना २००६ साली ते अमेरिकेच्या विद्यापीठ स्पर्धेत थाळीफेकीचे विजेते झाले. २००४, २००८, २०१२ आणि २०१६ अशी चार ऑलिंपिक ते भारताकडून खेळले. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी केलेली ६६.२८ मीटरांची फेक राष्ट्रीय विक्रम ठरली, आणि त्याच वर्षी लंडनला अंतिम फेरीत ते आठवे आले. जुलै २०१३ मध्ये आशियाई मैदानी स्पर्धा चेन्नईऐवजी ऐनवेळी पुण्यास, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत भरल्या, आणि तेथे ६४.९० मीटरांच्या फेकीने त्यांनी आशियाई अजिंक्यपद पटकावले. वर्षभराने ग्लासगो येथे राष्ट्रकुल सुवर्ण मिळाले. मिल्खा सिंगांनंतर मैदानी खेळांत हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय पुरुष. २०१७ साली पद्मश्री, २०१८ साली निवृत्ती.

सुवर्णांच्या या यादीत इंचॉनचे रौप्य आणि ग्वांगझोऊचे कांस्यही आहे, आणि ऑलिंपिकच्या तीन वेळा पात्रता फेरीतून परतणेही आहे. त्याच काळात इराणचे एहसान हदादी २००६ पासून २०१८ पर्यंत चार आशियाई सुवर्णे घेऊन गेले. चौदा-पंधरा वर्षांत विकास यांना कितीदा रिकाम्या हाती परतावे लागले असेल याचा हिशोब कोणी ठेवीत नाही. परंतु प्रत्येक परतीनंतर त्यांचे वर्तुळ, त्यांचे प्रशिक्षक आणि त्यांचे जेवण जागच्या जागी होते, आणि म्हणून २००४ चा मुलगा २०१४ चा विजेता होऊ शकला.

महाराष्ट्रात हे घडूच शकत नाही असे नाही. सांगली जिल्ह्यातील आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. पर्जन्यमानाचा आणि फेकीचा संबंध नसतो, हे त्यांनी सिद्ध केले. राज्याने १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बालेवाडी उभारली, पुढे क्रीडाप्रबोधिनी काढल्या, खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के राखीव जागा दिल्या. या तजविजी चांगल्या आहेत, आणि त्यांची फळे अनेकांनी चाखली आहेत. पण यवतमाळच्या सोळा तालुक्यांतल्या मुलाला बालेवाडीच्या नजरेस पडण्यापूर्वी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चार पायऱ्या चढाव्या लागतात, आणि या चारही पायऱ्या एकाच हंगामात येतात, जो हंगाम कापूस वेचणीलाही लागून असतो. झरी जामणी किंवा मारेगावच्या पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, यवतमाळच्या नेहरू स्टेडियमपर्यंत येणाऱ्या मुलाचा एक दिवस बुडतो. त्याच्या सोबत येणाऱ्या बापाची मजुरी बुडते. एवढे करून थाळी हाती येते ती वर्षातून तीन वेळा, आणि तीही बहुधा फक्कीच्या वर्तुळात, जेथे गिरकी घेणारा पाय ओल्या मातीत रुतून बसतो. गिरकीऐवजी उभ्यानेच फेकणे हा आमच्या मुलांचा अडाणीपणा असल्याचे परगावचे परीक्षक बोलून दाखवितात. मला तो जमिनीशी केलेला शहाणा समझोता वाटतो.

तालुक्याला एक पक्के वर्तुळ असावे, इतकीच माझी मागणी मी वेळोवेळी अर्जांतून केली आहे. त्याला लागणारा सरंजाम फार थोडा आहे: अडीच मीटर व्यासाचे लोखंडी कडे, ज्याची वरची कड आसपासच्या जमिनीशी सपाट येईल, आत सिमेंटचा थर, कड्यापेक्षा सुमारे दोन सेंटिमीटर खाली, गुळगुळीत नव्हे पण पाय फिरेल इतका घोटलेला, आणि शाळेच्या नोंदवहीतून सुटका झालेल्या, त्या त्या वयाच्या वजनाच्या पाच-सहा थाळ्या, ज्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी नेता येतील. जाळीचा पिंजरा नंतरही येईल. तोवर पाहणाऱ्यांनी मागे उभे राहावे. लोखंडी पट्टी तापवून, वाकवून, जोड न दिसेल अशी गोल करण्याची विद्या आमच्याकडे नवी नाही. बंडीच्या चाकावर धाव चढवणारे लोहार अजून आहेत. मागल्या महिन्यात कळंबच्या बाजारात त्यांपैकी एकाला मी माप सांगितले, तेव्हा त्याने दोरीचा एक तुकडा घेऊन जमिनीवर वर्तुळ काढले, त्याच्या मध्यात उभा राहिला, आणि हात लांबवून स्वतःभोवती एकदा सावकाश फिरून पाहिले.